वाई नगरीत आपलं स्वागत
(स्वागताध्यक्षीय भाषण)

सन्माननीय अध्यक्षमहोदय, उद्घाटक, विद्यापीठांतून आलेले प्राध्यापक, विद्यार्थी मित्र आणि वाईकर बंधुभगिनींनो,

कृष्णाकाठच्या या विराटनगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. विराटनगरी आम्ही म्हणतो. आपण शास्त्राची माणसं, पण कृपया पुरावा मागू नका. समोर पांडवगड दिसतो, तेवढं आम्हाला पुरतं.

मी हळदीच्या अडतीवरचा माणूस. हवामानबदलाचा आंतरविद्याशाखीय पदवी अभ्यासक्रम कसा असावा, हा आपला विषय. त्याच्याशी माझा काय संबंध, असं संयोजकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मांडव, जेवण आणि वर्गणी." तेव्हा विषय नीट समजला.

उद्या घाटावर जाल तेव्हा ढोल्या गणपतीचं दर्शन घ्याच, पण देवळाच्या मागेही जाऊन या. सरदार रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली. सरदारांचा पैसा, गवंड्याचा हात, नदीची जाण आणि गणपतीवरची भक्ती, सगळं त्या एका भिंतीत आहे. विभागप्रमुख कोण होते, त्याची नोंद नाही.

आता माझ्या आवडीचं. अध्यक्षमहोदय घड्याळ बघताहेत, तरी सांगतो. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, हे नाव आज वाईतल्या पोरांनाही सांगावं लागतं. त्यांनी इथे प्राज्ञपाठशाळा चालवली, मीमांसाकोश रचला. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा त्यांच्याकडे शिकायला आले. पिंपळनेरहून आलेला एक मुलगा त्यांच्याच हाताखाली तयार झाला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. तर्कतीर्थांनी मराठी विश्वकोशाचा संसार मुंबई-पुण्यात नव्हे, इथे वाईत मांडला. पहिला खंड १९७६ साली निघाला. मीमांसेत मुरलेला पंडित प्रमुख संपादक, आणि त्याच्या देखरेखीखाली मानव्यविद्या आणि विज्ञान-तंत्रविद्या, दोन्हींच्या नोंदी तयार होत. एका विषयाचं लिखाण दुसऱ्या विषयाच्या माणसालाही कळलं पाहिजे, ही कोशाची शिस्त. माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्या अभ्यासक्रमाला हवी ती हीच. पाच विभागांचे पाच पेपर एका वेळापत्रकात टाचले की पदवी होते, पण त्या पाच प्राध्यापकांनी एकमेकांचा तास कधी ऐकलेला नसतो.

गरज काय, तेही इथलंच सांगतो. पसरणी घाट चढलात की पुढे महाबळेश्वर. जुलै २०२१मध्ये तिथे २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात आमच्या तालुक्यातल्या देवरुखवाडीवर दरड आली. एवढा पाऊस का झाला, हे हवामानवाला सांगेल. डोंगर का सुटला, हे भूगर्भवाला. पण वाडी हलवायची कुठे, जमीन कुणाची, म्हातारी घर सोडायला का तयार नाही, हे कोण सांगणार? आयआयटी मुंबईत २०१२पासून हवामान अभ्यासाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम आहे, पण त्याचा मुख्य भर संशोधनावर. बारावी झालेल्या मुलाला हे सगळं पहिल्या वर्षापासून कसं शिकवायचं, ते आपण ठरवायचंय. एकच विनंती, त्याला एक पावसाळा तरी अशा वाडीत काढायला लावा. बाकी आपण जाणताच.

आता उणिवा. मंगल कार्यालयातल्या खोल्या अपुऱ्या पडल्यात, त्यामुळे काही प्राध्यापकांची सोय शाळेच्या वर्गांत केली आहे. बाकं बाजूला सारली आहेत. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल. पडद्यावर ऊन येतं, म्हणून तक्ते दाखवायचे असतील तर जेवणाआधी दाखवू नका. प्लास्टिकच्या बाटल्या बंद ठेवल्या, तांब्या-भांडं ठेवलंय. मात्र दारावरचा स्वागताचा फलक फ्लेक्सचाच आहे. तो माझ्या पुतण्याने उत्साहात छापला, त्यावर माझा फोटोही जरा मोठा आलाय. दोन्हींबद्दल क्षमस्व.

ऋण फार आहेत. बाजारपेठेतल्या हळद व्यापाऱ्यांनी यंदा भाव पडलेला असतानाही हात आखडला नाही. वरच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीच्या पेट्या पाठवल्या. मांडववाल्याने भाडं घेतलं नाही, निदान अजून मागितलेलं नाही. नगरपालिकेच्या सफाई कामगारांनी रात्री दोनपर्यंत घाट धुतला. बचत गटाच्या महिला पहाटेपासून भाकऱ्या थापताहेत, आणि ज्यांनी नाव न सांगण्याच्या अटीवर तांदूळ दिला, त्यांचं नाव सगळ्या वाईला माहीत आहे. कुणी राहिलं असेल तर संध्याकाळी घरी येऊन भांडावं.

पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि उद्घाटकांना समईकडे येण्याची विनंती करतो. काडेपेटी टेबलावर ठेवली आहे.