ओल्या कचऱ्यातून शेतापर्यंत



शेतमातीतल्या सूक्ष्म प्लास्टिकवरची परिषद मुलुंडला कशासाठी, असे काहींनी विचारले. गोराई-मनोरीच्या वाड्या आणि आरेतल्या पाड्यांवरची थोडी शेती सोडली, तर उपनगरात नांगर चालतो कुठे? प्रश्न रास्त आहे. पण शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या शेतात पडणाऱ्या शहरी कंपोस्टची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरात होते. सकाळी दुधाची पिशवी कापली की तिचा नखाएवढा कोपरा भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात जातो. पुढे त्याचेही तुकडे होतात. 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक; आणि खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी चाळणी सांगितली आहे 4 मिलिमीटरची. मग तो तुकडा अडणार कुठे? 2018 मध्ये बंद झालेले डम्पिंग ग्राउंड ज्या मुलुंडने वर्षानुवर्षे सोसले, त्याने हे यजमानपद मागून घेतले ते यासाठीच.

शेतातले सगळेच प्लास्टिक अर्थात शहरातून येत नाही. मिरची, कलिंगड निघाले की ओल टिकवण्यासाठी अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर गोळा करायला मजूर परवडत नाहीत. फाटका पेपर रानातच राहतो आणि त्यावरून रोटाव्हेटर फिरतो. टॉक्सिक्स लिंक या संस्थेने महाराष्ट्र-कर्नाटकातल्या अशा शेतांची माती तपासली. 2022 च्या तिच्या अहवालात सूक्ष्म प्लास्टिकची नोंद आहे.

हे कण गांडूळ गिळते आणि बिळातून खालच्या थरात नेते. नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठातील प्रयोगात पालापाचोळ्यातले प्लास्टिक खूप वाढवल्यावर गांडुळांची वाढ खुंटली, मृत्यू वाढले. कापडातून सुटणाऱ्या कृत्रिम धाग्यांनी मातीची घडण आणि पाणी धरून ठेवण्याची ताकद बदलते, असेही प्रयोगांत दिसले आहे. ही माती पुन्हा गाळून घेता येत नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

तरीही पाण्याच्या एकेका पाळीसाठी झुरणाऱ्या शेतकऱ्याला ‘पेपर अंथरू नका’ असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पातळ पेपर काढताना फाटतो. म्हणून जाड पेपर परवडेल अशा दरात मिळावा आणि वापरलेला पेपर विकणाऱ्यानेच परत न्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज सभागृहात अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीच्या गृहसंकुलांचे पदाधिकारीही आहेत. कंपोस्टच्या गोणीतून काय काय निघते, ते शेतकऱ्यांनी त्यांना भीड न ठेवता सांगावे. स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.