मागचा चर आणि आपण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. जन्मभर बँकेत मोजून देण्या-घेण्याची सवय झाली आहे, तेव्हा काळजी नसावी. जेवण गार होणार नाही.

सेक्रेटरींनी आठवणी सांगायला सांगितलं होतं. गणपती, कोजागिरी, पहिलं झेंडावंदन, या सगळ्या आठवणी इतरांनी छान सांगितल्या. मी एकच सांगणार आहे आणि ती माझ्या चुकीची आहे.

2000 साली आपण वसईत राहायला आलो, तेव्हा मागच्या कुंपणालगत एक रुंद चर होता. पावसाळ्यात तुडुंब भरायचा. रात्रभर बेडूक ओरडायचे आणि दिवाळीपर्यंत ओल असायची. डासही फार. 2011 साली मी खजिनदार होतो. चर बुजवावा आणि साऱ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवावेत, हा ठराव मीच मांडला. मिनिट बुकात सूचक म्हणून माझंच नाव आहे. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्याही वाजल्या.

भरावाचा डंपर आला त्या सकाळी, रोज फुलं आणणाऱ्या वाडीतल्या ताईंनी मला विचारलं, "साहेब, मग पाणी जाईल कुठे?" मी म्हटलं, "गटारात." त्या काही बोलल्या नाहीत. फुलांची पुडी हातात दिली आणि गेल्या.

जुलै 2018 चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. वसई-नालासोपाऱ्याकडे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद, वीज नाही. आपल्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचं धान्य गेलं, गाद्या गेल्या. कपाटाच्या खालच्या खणात काकांचे फोटो होते, तेही गेले. आपण महापालिकेला अर्ज दिला. मसुदा माझाच होता. त्यात गटार, नाला, अनधिकृत भराव सगळं होतं. आपल्या चराचा उल्लेख मात्र नव्हता.

पुढे मी त्या फुलवाल्या ताईंच्या सासऱ्यांना भेटलो. ते म्हणाले, "साहेब, तो नुसता चर नव्हता. बावखलाकडे जायची पाण्याची वाट होती ती."

मुलांनो, बावखल म्हणजे आपल्या वसईतलं वाडीच्या कडेचं तळं. जुन्या लोकांनी ते हातांनी खणलं. खणलेली माती वाडीत टाकून जमीन उंच केली आणि खड्ड्यात पाऊस साठवला. त्या पाण्यावर रहाट चालायचे. केळी आणि पानवेली पिकायच्या. ते पाणी मुरून विहिरी गोड राहायच्या. एका खड्ड्यात पाणीपुरवठाही झाला आणि पाण्याचा निचराही!

खालच्या अंगाला खाजण आणि मिठागरं, पलीकडे खाडी. उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की खाडी पाणी घेत नाही. मग ओहोटी लागेपर्यंत त्या पाण्याला कुठेतरी थांबावं लागतं. ते बावखलात थांबायचं, भातशेतात थांबायचं. त्या जागा आपण भरल्या, म्हणून आता ते आपल्या घरात थांबतं.

कायदा आहे ना, असं कोणी म्हणेल. 2017 चे पाणथळ जागांचे नियम मी वाचले. त्यांच्या व्याख्येतून भातशेती वगळलेली आहे. सिंचनासाठी किंवा मीठ पिकवण्यासाठी माणसाने केलेल्या जागाही वगळलेल्या आहेत. म्हणजे बावखल, मिठागर, शेत, आपलं पाणी झेलणाऱ्या तिन्ही जागा त्या व्याख्येबाहेर! खारफुटीला आणि किनाऱ्याला वेगळं संरक्षण आहे, पण आपल्या मागच्या चरासाठी कोणी अधिकारी धावून येणार नाही.

आणि मी तरी काय केलं? बँकेत शेकडो गृहकर्जं मंजूर केली. सात-बारा पाहिला, बिनशेती आदेश पाहिला, टायटल सर्च पाहिला. या जमिनीवर पडणारं पाणी कुठे जातं, हे एकदाही विचारलं नाही. फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

आता साधा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आपला प्लॉट साधारण 2,000 चौरस मीटरचा. दिवसाला 100 मिलिमीटर पाऊस इथे नवलाचा नाही. म्हणजे 2 लाख लिटर, दहा हजार लिटरचे वीस टँकर! तेवढं पाणी आपण एका दिवसात फाटकाबाहेर ढकलतो, आणि मे महिन्यात टँकर विकत घेतो.

हे आज बोलतोय, कारण पुढच्या सर्वसाधारण सभेत रीडेव्हलपमेंटचा विषय आहे. बिल्डर जोतं उंच करून देणार आहे, सगळे खूश आहेत. जोतं उंच झालं की आपण कोरडे राहू, हे खरं. पण आपलं पाणी शेजारच्या बैठ्या चाळीत आणि त्या ताईंच्या वाडीत जाईल. 2018 साली आपल्यावर जे आलं, ते आपण दुसऱ्यावर ढकलणार का?

म्हणून सभेत मी तीन अटी मांडणार आहे. मागचा चर पुन्हा खणून बावखलापर्यंत मोकळा करावा. आवाराचा चौथा हिस्सा तरी उघड्या मातीचा राहावा. आणि गच्चीचं पाणी गाळून जमिनीत मुरवावं. नकाशा पाहिला तर यात चार गाड्यांची जागा जाते. त्यातली एक माझी धरा. मी 76 वर्षांचा आहे, रिक्षाने जाईन. उरलेल्या तीन जागांसाठी मात्र तुमच्यापैकी तिघांनी हात वर करावा लागेल. आज नको, सभेत.

काकू, सात वर्षं मी जिन्यात तुम्हाला "कशा आहात?" एवढंच विचारत आलो. जे बोलायला हवं होतं ते आज सर्वांसमक्ष बोलतो. तो ठराव माझा होता. मला माफ करा.