घरचे वेळापत्रक



आमची सारी उमेद शाळेची वेळापत्रके आखण्यात गेली. म्हणून आज घरच्या वेळापत्रकाविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

आपली बहुतेक कुटुंबे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे नांदतात. बोरिवलीहून चर्चगेटला धीम्या गाडीने तासाहून अधिक वेळ लागतो. पुरुष दमून घरी येतो हे खरेच. परंतु नोकरी करणारी त्याची पत्नीही त्याच मार्गाने दमून येते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांची लोकल सुरू झाली. गाडीत भाजी निवडणाऱ्या भगिनींचे आपण कौतुक करतो. ती तेथे का निवडावी लागते, हे मात्र विचारीत नाही.

सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचा हिशेब माणसांना विचारून टिपला. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे खर्ची पडतात, पुरुषांची ८८. हा आकडाही घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांचाच. न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत! पंधरा ते एकोणसाठ वयाच्या स्त्रियांची घरकामाची मिनिटे २०१९ साली ३१५ होती, ती ३०५ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटांची उसंत!

२०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि प्रवासाचा वेळ वाचला. तो घरात कोणाच्या पदरी पडला, याचा ज्याने त्याने विचार करावा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांस १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आपल्या गृहिणीस ती अद्याप मिळावयाची आहे; उलट पाहुणे आणि पक्वान्ने यांमुळे रविवारी तिचे काम वाढतेच.

शाळेत शिक्षकास सारे तास सलग देत नाहीत. एखादा ऑफ तास ठेवावाच लागतो, नाहीतर शिकविणे बिघडते. तोच नियम घरास लावावा. येत्या आठवड्यात प्रत्येक घरी अर्ध्या अर्ध्या तासाचा तक्ता आखावा. पती, पत्नी व मोठी मुले यांनी आपापला रकाना स्वहस्ते भरावा आणि रात्री तो सर्वांदेखत वाचावा. जिच्या रकान्यात ऑफ तास सापडणार नाही, तिचे कोणते काम कोणी कायमचे उचलावयाचे, हे नाव घालून लिहावे. 'मदत करतो' म्हणू नये. घर दोघांचे, तशी कामेही दोघांची.

एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.