चंद्राच्या पंचांगावरचे नववर्ष



चैत्र शुद्ध प्रतिपदेला डोंबिवलीत निघणारी नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली तेथील श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि पुढे ठाणे, कल्याण व इतर शहरांनीही हा पायंडा उचलला.

डोंबिवलीच्या फडके रोडवर ढोलताशे घुमत असतात, आणि घरोघरी वेळूच्या काठीला भरजरी वस्त्र, कडुनिंबाचा डहाळा व साखरेची गाठी बांधून, वर तांब्या पालथा घालून गुढी उभारली जाते.

अमावास्येनंतर नवा महिना लागतो, म्हणून पाडव्याची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते.

कोरियाचे नववर्षही चंद्रावरच मोजले जाते.

‘सोल्लाल’ नावाचा हा सण जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतो.

त्या सकाळी पूर्वजांना अन्न अर्पण करण्याचा ‘चार्ये’ हा विधी होतो. नंतर धाकटी मंडळी जमिनीवर वाकून वडीलधाऱ्यांना नमस्कार करतात, ज्याला ‘सेबे’ म्हणतात, आणि आशीर्वादासोबत त्यांना पैसेही मिळतात.

तांदळाच्या वड्यांचे ‘त्तोकगुक’ हे सूप प्यायले की वय एका वर्षाने वाढते, ही तिथली समजूत विशेष लोभस आहे.

जपानी राजवटीत दडपला गेलेला हा सण १९८९ साली आपल्या मूळ नावाने सरकारी सुट्ट्यांत परतला.

दोन्हीकडे वर्ष चंद्रावर मोजले जाते, आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी दोन्हीकडे अधिक महिना धरला जातो.

हे साम्य नववर्षापुरतेच नाही: ‘चुसोक’ हा कोरियन सुगीचा सण पौर्णिमेला येतो, त्यात मोदकासारखे सारण भरलेले ‘सोंगप्योन’ वाफवतात, आणि २०२५ साली तो ६ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका कोजागरीच्या दिवशी आला होता.