गटाची लाकडी शेड टिकवायची कशी?

आज बोलूया लाकडी शेडबद्दल. परसबागेच्या कडेला किंवा गटाच्या रोपवाटिकेत आपण फळ्यांची जी छोटी शेड उभी करतो, तिच्याबद्दल. खुरपी, घमेली, फवारणीचा पंप, वजनकाटा, बियाण्याच्या पिशव्या, सगळं तिथंच असतं. दिसायला साधी, पण गटाची निम्मी मालमत्ता तिच्यात असते.

आमच्या भागातल्या एका गटानं अंतर्गत कर्ज काढून अशी शेड बांधली. उद्घाटनाची तारीख ठरलेली, म्हणून भर श्रावणात घाईघाईनं रंग मारून घेतला. फोटो छान आले. दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटले, खालच्या दोन फळ्या मऊ पडल्या आणि आत ठेवलेल्या हरभऱ्याच्या बियाण्याला ऐन पेरणीच्या तोंडावर बुरशी आली. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. रंग चांगला होता हो, डबाही महागाचा होता. पण लाकूड ओलं होतं आणि ती ओल रंगाखाली कोंडली गेली.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. लाकूड टिकतं ते कोरडं राहिल्यामुळे. रंगाचं काम फक्त बाहेरचं पाणी अडवायचं. आधीच ओल्या असलेल्या लाकडाला रंग वाळवू शकत नाही.

मग रंगवायचं कधी? होळी ते अक्षय्य तृतीया हा चांगला काळ. सकाळी दव वाळल्यावर काम सुरू करा आणि दुपारच्या कडक उन्हात थांबा. तापलेल्या फळीवर रंगाचा वरचा थर लगेच सुकतो, खालचा कच्चा राहतो आणि मग फोड येतात.

रंगाचा डबा आणण्याआधी शेडभोवती एक फेरी मारा. हातात एक मोठा खिळा घ्या. खांबांचे पाय, दाराची खालची कड, फळ्यांची टोकं आणि सांधे, इथं खिळा टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर वाळवी आली समजा. पिठासारखा भुसा खाली पडत असेल तर आत कीड आहे. अशा लाकडावर रंग मारला तर दुखणं फक्त झाकलं जातं. वाळवीचं औषध वापरायचं असेल तर डब्यावरच्या सूचना वाचून, हातमोजे घालूनच वापरा. बियाणं, धान्य आणि चारा आधी बाहेर काढा.

नवी फळी घेताना तिचा रंग बघा. झाडाच्या मधला गडद गाभा टिकाऊ असतो. बाहेरचं पांढरट लाकूड लवकर किडतं. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण पावसात फार दिवस तग धरत नाही. खांब सागाचा असला तरी थेट मातीत पुरू नका, दगडावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर उभा करा.

आता घासायचं काम. शेवाळ किंवा बुरशी असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून काथ्यानं घासा, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि चांगलं तीन-चार दिवस उन्हात वाळू द्या. मग सुटलेला रंग पत्रीनं खरवडा आणि पॉलिश पेपर मारा. आधी ८० नंबरचा जाड, मग १२० नंबरचा बारीक. नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, आडवा घासू नका.

इथं जरा थांबून ऐका, कारण ही गोष्ट आपल्या लेकरांची आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. दर दहा लाख भागांत ९० भाग, यापेक्षा जास्त शिसं चालत नाही. पण तुमच्या दारावरचा रंग त्याआधीचा असेल तर? शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, पाण्यानं ओला करून खरवडा. नाकातोंडाला चांगला मास्क लावा. गरोदर बाईनं हे काम करायचंच नाही. लेकरं, शेळ्या, कोंबड्या लांब ठेवा. खाली जुनी ताडपत्री अंथरा, सगळे पापुद्रे गोळा करून पिशवीत बांधा. ते गांडूळखतात टाकायचे नाहीत आणि जाळायचेही नाहीत. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दलची सूचना वाचा आणि पक्कं बिल घ्या.

लाकूड पूर्ण वाळलं की भेगांमध्ये लाकडाची लांबी भरा. भिंतीची सिमेंटची पुट्टी लाकडावर टिकत नाही. मग लाकडाच्या प्रायमरचा एक हात. तो रात्रभर वाळू द्या, हलका पॉलिश पेपर फिरवा, धूळ पुसा. मग ऑइल पेंटचे दोन हात, मध्ये एक रात्र सोडून. फळीची कापलेली टोकं आणि दाराची खालची कड यांना एक हात जास्तीचा द्या. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं आणि नेमकं तिथंच कुणी ब्रश फिरवत नाही.

रंग किती लागेल? हिशेब सोपा आहे. शेड १० फूट बाय ८ फूट असेल तर चारी बाजू मिळून ३६ फूट. उंची ७ फूट. ३६ गुणिले ७, म्हणजे २५२ चौरस फूट. एका लिटरात साधारण १०० चौरस फुटांना एक हात होतो. म्हणजे प्रायमर अडीच लिटर आणि दोन हातांना रंग पाच लिटर. लाकूड खडबडीत असेल तर थोडा जास्त धरा. हा हिशेब आधी गटाच्या बैठकीत मांडा, मग दुकानात जा. दुकानदारानं दहा लिटर सांगितले तर आपल्याला बोलता येईल.

कुणी म्हणेल, जळकं ऑइल फुकट मिळतं, तेच फासू. मैत्रिणींनो, त्यात घातक धातू असतात. शेळ्या लाकूड चाटतात, कुरतडतात. जिथं जनावर किंवा धान्य आहे तिथं ते नकोच. जवसाचं उकळलेलं तेल चांगलं, पण एक जपा. त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. शेजारी कडब्याची गंजी असेल तर काय होईल, विचार करा. चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

आता देखभाल. वर्षातून दोनदा बघायचं. एकदा रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी. पत्र्याची पागोळी भिंतीवर पडते का, खालचा भाग चिखलानं भिजतो का ते पाहा. पत्रा फूटभर तरी बाहेर हवा आणि भिंतीच्या कडेनं फूटभर खडी टाकली तर चिखल उडत नाही. जळण, कडबा भिंतीला टेकवू नका. दोडक्या-भोपळ्याचा वेल शेडवर चढवायचा मोह आपल्या सगळ्यांनाच होतो, पण पानांखाली लाकूड वाळतच नाही. वेलाला वेगळा मांडव करा. दुसऱ्यांदा बघायचं खंडेनवमीला. त्या दिवशी आपण हत्यारं धुऊन पुजतो, तेव्हा ती ज्या शेडमध्ये राहतात तिच्याकडेही नजर टाकायची. रंग उडालेला दिसला तर तेवढीच जागा घासून लगेच हात मारायचा.

यासाठी पैसा वेगळा ठेवा. दहा जणींनी महिन्याला दहा-दहा रुपये काढले तरी वर्षाला १,२०० रुपये होतात. रजिस्टरमध्ये ‘शेड देखभाल’ असं वेगळं पान करा.

आणि रंगकाम बायकांचं नाही असं कुणी म्हणालं, तर सांगा की घर सारवणं, भिंती पोतारणं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतोय. हात तोच आहे, कुंचला तेवढा बदललाय. फक्त शिडीवर एकटीनं चढू नका. खाली एकीनं शिडी धरायचीच.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं एक मोठा खिळा घेऊन या. हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं शेडभोवती फिरा. जिथं खिळा आत गेला, ती जागा खडूनं खूण करून ठेवा आणि काय सापडलं ते आपल्या रेडिओवर फोन करून कळवा.