पांढऱ्या कासवाचे मोल



महागाई भत्ता आणि बोनस यांवर बोलण्यात ज्यांचे निम्मे आयुष्य गेले, ते आम्ही आज कासवावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काही मंडळी हसली असतील. हसण्यास आमची हरकत नाही. पण ज्या प्रश्नासाठी आम्ही कारखान्यांच्या दारांत उभे राहतो, तोच प्रश्न या मुक्या प्राण्याच्या बाबतीतही उभा राहतो. एखाद्या जिवाचे मोल कोण ठरवतो, आणि त्या मोलातले त्या जिवाच्या पदरात काय पडते?

हकीकत स्वित्झर्लंडमधली आहे. लोझान शहरापासून जवळच सेर्व्हियाँ नावाचे गाव आहे. तेथील प्राणिसंग्रहालयात गालापागोस बेटांवरच्या जातीची प्रचंड कासवे आहेत. २०२२ च्या फेब्रुवारीत तेथील मादीने पाच अंडी घातली. मादीचे वजन १०० किलोंवर, नराचे १८० किलोंच्या आसपास. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन पिले बाहेर आली. पहिले आईबापांसारखे काळे होते. ५ मे रोजी दुसरे निघाले, ते पांढरट फिकट अंगाचे आणि तांबड्या डोळ्यांचे. वजन सुमारे ५० ग्रॅम. तळहातावर सहज मावावे एवढे. या जातीत असे पिलू यापूर्वी कोठेच पाहण्यात आले नव्हते, असे प्राणिसंग्रहालयाने जाहीर केले, आणि पाहता पाहता त्याचे छायाचित्र जगभर गेले.

काळ्या आईबापांच्या पोटी हे पांढरे पिलू आले कसे? येथे जे गिरणीत राबले असतील त्यांना रंगखाते ठाऊक आहे. सूत आले, रंगाचा माल आला, पण रंग कालवणारा कारागीरच खात्यावर नसला, तर कापड कोरेच बाहेर पडणार. शरीरातही असेच एक रंगखाते असते. काळा रंग म्हणजे मेलॅनिन. तो टायरोसीन नावाच्या द्रव्यापासून बनतो, आणि ते काम टायरोसिनेज नावाचे विकर करते. या कामाची लेखी सूचना, म्हणजे जनुक, प्रत्येक जिवाजवळ दोन प्रतींत असते : एक प्रत आईकडची, दुसरी बापाकडची. एक प्रत बिघडली तरी दुसरीवर खाते व्यवस्थित चालते. म्हणून आईबाप काळेच दिसतात. पण दोघांजवळही एकेक बिघडलेली प्रत असेल आणि नेमक्या त्या दोन्ही पिलाच्या वाट्याला आल्या, तर रंग तयार होत नाही. असा योग प्रत्येक अंड्यामागे चारांत एक. यात ना शकुन, ना अपशकुन, ना कोणाचे पाप.

असे प्रत्येक पिलू पांढरेच असते असेही नाही. कासवांच्या अंगात पिवळी द्रव्येही असतात, आणि काळा रंग गेला की ती उठून दिसतात. २०२० च्या जुलैत ओडिशात बालासोर जिल्ह्यातील सुजनपूर गावी असेच एक पिवळेधमक कासव सापडले होते. त्याचे डोळे गुलाबी होते. उलट, अंग फिकट पण डोळे काळे असतील तर प्रकार वेगळा. तेथे डोळ्यांतला रंग शाबूत असतो. आणि पुष्कळदा नवल काहीच नसते. आपल्या देशातील तारा-कासवाचे नुकते जन्मलेले पिलू पाहिले, तर त्याच्या पाठीवर चांदण्या नीटशा दिसत नाहीत, पिवळ्यावर काळे डाग दिसतात. कवच वाढते तशी नक्षी फुटत जाते.

आता या रंगाचा हिशेब मांडू. काळा रंग शोभेसाठी नसतो. तो कडक उन्हापासून कातडी राखतो आणि डोळ्यांची जडणघडणही सांभाळतो. तो नसेल तर उजेड डोळ्यांत खुपतो, नजर अधू राहते, ऊन बाधते. रानात असे पिलू शत्रूला लांबून दिसते. म्हणजे पिलाच्या वहीत हा रंग सगळा खर्चाच्या बाजूला आहे. बाजाराच्या वहीत मात्र तोच जमेच्या बाजूला जातो! परदेशांत कासवे पाळण्याचा मोठा शौक आहे. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेस असलेल्या कोरड्या पट्ट्यातील सुलकाटा जातीची हस्तिदंती रंगाची पिले तेथे साध्या पिलांहून कितीतरी महाग विकली जातात. असा रंग मुद्दाम काढायचा तर बिघडलेल्या प्रती एकत्र आणाव्या लागतात, आणि त्यासाठी जवळच्या नात्यातली जोडपी जुळवली जातात. त्यातून दुसरे दोषही वंशात उतरतात. नफा विकणाऱ्याचा, कौतुक घेणाऱ्याचे, आणि तोटा पिलाचा! असा हिशेब आम्ही पुष्कळ कारखान्यांत पाहिला आहे.

आमच्या तारा-कासवावर तर त्याच्या सुंदर पाठीनेच संकट आणले. ती नक्षी घरात असावी म्हणून गुजरात, आंध्र, तामिळनाडूच्या रानांतून ही कासवे हजारोंनी उचलली गेली आणि पेट्यांतून परदेशी गेली. शेवटी २०१९ साली जिनिव्हा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांच्या व्यापारावर कडक बंदी आली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे कासव घरी पाळणे गुन्हा आहे. तरी भरभराट होते म्हणून ते घरात ठेवणारे आहेत. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, त्याला आपण नमस्कार करतो. आणि जिवंत कासव टबात कोंडतो.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. हाच रंगाचा अभाव माणसातही असतो. ते कोड नव्हे, आणि तो संसर्गाने पसरतही नाही. तरीही पूर्व आफ्रिकेतील काही देशांत अंधश्रद्धेपायी अशा माणसांचे अवयव तोडून विकण्यापर्यंत मजल गेली. म्हणून २०१५ पासून १३ जून हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या वतीने त्यांच्यासाठी पाळला जातो. आमच्याकडे शस्त्र चालत नाही, जीभ चालते. आईला बोल लावला जातो, पोराला टोपणनावे पडतात. त्या मुलाला लागते काय? वर्गात पहिला बाक, मोठ्या अक्षरांची पुस्तके, डोक्यावर टोपी, रंगीत काचांचा चष्मा. आणि मोठेपणी उन्हातल्या कामाऐवजी सावलीतले काम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे. ज्यांची नजर त्या मर्यादेत बसते, त्यांना हे हक्काने मागता येते, आणि मागताना संघटनेने त्यांच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

वेगळा जीव समोर आला की बाजार विचारतो, याचे किती येतील? आपण विचारावे, याला काय लागेल? सुजनपूरच्या गावकऱ्यांनी ते पिवळे कासव विकले नाही, पुजले नाही, टबातही ठेवले नाही. त्यांनी ते वनखात्याच्या स्वाधीन केले. तुमच्या शेतात, विहिरीवर असे काही निघाले तर तुम्हीही तेच करा, एवढे सांगून आम्ही तुमची रजा घेतो.