घण कोणता घ्यावा?

जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही तीरांवरील लोक समोरासमोर उभे राहून गोटमार करतात, एवढीच ओळख बाहेरच्या जगाला आहे. परंतु येथील माणसाचा दगडाशी संबंध एका दिवसाचा नाही. विहीर खणताना काळा कातळ लागतो, घराच्या पायात तोच बसतो, आणि जुने घर उतरवण्याची वेळ आली म्हणजे तोच आडवा येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून घडलेला हा दगड सहजासहजी दाद देत नाही. त्यासाठी घण हवा. आणि तो कोणता हवा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

पावसापूर्वी नवा पाया भरून व्हावा म्हणून जुनी घरे बहुधा उन्हाळ्यात पाडली जातात. मालकाला घाई असते. जितका घण जड तितके काम लवकर, असा हिशेब करून तो सर्वांत मोठा घण मजुराच्या हाती देतो. हा हिशेब चुकीचा आहे. घावाचा जोर वजनाने वाढतो, हे खरे. पण वजन दुप्पट झाले तर जोर दुप्पट होतो, आणि वेग दुप्पट झाला तर चौपट. समजा, ४ किलोचा घण सेकंदाला ८ मीटर वेगाने भिंतीवर आदळला, तर त्याची ऊर्जा १२८ ज्यूल भरते. ८ किलोचा घण थकल्या हाताने ५ मीटर वेगानेच पडला, तर ती १०० ज्यूलच राहते. दुप्पट ओझे उचलून घाव मात्र उणा! म्हणून, पहिल्या घावाइतकाच पन्नासावा घावही ज्याने नेमक्या जागी पडतो, तोच त्या माणसाचा योग्य घण.

माणसाप्रमाणे भिंतही पाहावी. मातीच्या भिंतीला घण लागतच नाही. पहार आणि फावडे घेऊन वरून खाली उतरावे. घणाच्या हादऱ्याने ती एकदम अंगावर येण्याचे भय असते. विटांच्या भिंतीस ३ ते ४ किलोचा घण पुरतो. चुन्यात बसवलेल्या गोट्यांच्या भिंतीस ५ ते ६ किलोचा घ्यावा. मात्र घाव गोट्यावर न घालता सांध्यावर घालावा आणि सांधा सुटताच पहारीने गोटा उचकटावा. ८ किलोच्या घणाचे काम काँक्रीटशी. तेथेही मध्यावर घाव घालणे व्यर्थ. कडेपासून सुरुवात केली म्हणजे तुकड्याला सुटण्यास वाव मिळतो. आतील सळ्या घणाने वाकतात, तुटत नाहीत. त्या वेगळ्या कापाव्या लागतात.

घणाइतकाच दांडा महत्त्वाचा. मोठ्या घणाचा दांडा सुमारे तीन फूट असावा. धावड्याचे लाकूड चिवट म्हणून अवजारांच्या दांड्यांसाठी नावाजलेले आहे. रेषा सरळ लांबीने गेलेल्या असाव्यात आणि मध्ये गाठ नसावी. उन्हाळ्यात लाकूड सुकते व घण सैल होतो. तेव्हा तो रात्रभर पाण्यात टाकण्याची युक्ती अनेक जण करतात. लाकूड फुगते, घण घट्ट वाटतो. परंतु वाळल्यावर तो पुन्हा सैल होतो. खरा उपाय नवी पाचर ठोकण्याचा किंवा दांडा बदलण्याचा. घणाच्या तोंडाच्या कडा फुलून बाहेर आल्या असतील, तर त्या घासून काढाव्यात, कारण त्यांचा कपचा गोळीसारखा उडतो. घणावर घण तर कधीच मारू नये.

डोळ्यांवर चष्मा, पायांत जाड जोडे, आणि घणाच्या मागेपुढे कोणी उभे नाही ही खात्री, एवढे झाल्यावाचून पहिला घाव पडू नये. इमारती पाडण्याच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक क्रमांक ४१३० आहे. वीज तोडावी, वरून खाली यावे, हे नियम कागदावरचे म्हणून सोडून देण्याजोगे नाहीत. भिंत खालून पोखरणाऱ्यावर ती कोसळते.

जुन्या भिंतीतील प्रत्येक गोटा कोणा पूर्वजाच्या काळात कोणीतरी हातांनी उचलून बसवलेला असतो. जपून काढला तर तो नव्या पायात पुन्हा बसतो. आंधळ्या घावाने फुटला तर त्याची खडी होते. योग्य घण निवडणारा मालक दगड वाचवतो, वेळ वाचवतो, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी मजुराला धडधाकट घरी पाठवतो. घर नवे बांधायचे ते माणसांसाठीच. मग जुने पाडतानाही माणूस प्रथम राखला पाहिजे.